गोंदण आहे का बघ

शके १८५८, चैत्र वद्य द्वितीया. टेंभुर्णी.

वाईट स्वप्न पडलं तर ते आधी माणसाला सांगायचं नाही, पाण्याला सांगायचं. आडात वाकून हळूच सांगावं, चूळ भरावी आणि मागं न बघता घरी यावं. आमच्याकडे असंच चालत आलंय. पण दुसऱ्याचं स्वप्न आपल्याला छळत असेल तर ते कोणाला सांगायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. म्हणून ही वही. माझ्या मल्हारीनं जालन्याच्या बाजारातून आणली, आणि वर विचारतो, "आई, अक्षरं आठवतेत का अजून?" माझा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा, पण पावसाळ्यात मंठ्याच्या मठात बसून लिहायला-वाचायला शिकला आणि चुलीच्या राखेत बोट फिरवून मलाही शिकवून गेला. आठवतात म्हणावं, बराबर आठवतात.

तर गोष्ट अशी. माझी सून इंद्रायणी पहाटे झोपेत किंचाळते. नुसतं दचकणं नव्हे, सगळी आळी उठून बसते. नांदायला आली त्याला वर्ष होऊन गेलं. पहिले दोन महिने गप्प झोपली, मग हे सुरू झालं. पोरगी गुणाची आहे. हाताला चव आहे आणि उलटून बोलत नाही. म्हणजे बोलतच नाही. आपण दहा गोष्टी सांगाव्यात, तिकडून एक "हां" येतं. मला अशीच सून हवी होती.

आज नणंद साळूबाई जाफराबादहून आली. ओसरीवर पाय पसरून माझ्या घरधन्याला म्हणाली, "दादा, ही भाईरची बाधा हाय. नागपंचमीला तिला माहेरी धाडा आन् परत आणायला जाऊच नका. आपसूक मिटंल. मल्हारीसाठी दुसरी पोरगी म्या बघते." घरधन्याचं नाव घ्यायचं नसतं, पण वहीला कळावं म्हणून एकदाच लिहिते, आबाराव. ते चिलीम झाडत म्हणाले, "पंचमीपस्तोर बघू." बघू म्हणजे हो. एवढ्या संसारात तेवढं कळलंय मला.

पोरीला यातलं काही माहीत नाही आणि मी कळू देणार नाही. मी मनाशी ठरवलंय, तिला माहेरी धाडायचंच नाही. गेलीच नाही तर तिथं अडकेल कशी?

चैत्र वद्य पंचमी

आज ती आडावर गेली तेव्हा मी गोठ्याच्या भिंतीआड उभी राहिले. चोरून ऐकणं वाईट, पण सासूनं ऐकायचं नाही तर कोणी? ती वाकली, "पाणीबाई, ऐक गं" एवढं म्हणाली, आणि नेमका माझ्या कमरेचा जुडगा वाजला. झालं. तोंड मिटलं, घागर भरली, घरी आली.

हा किल्ल्यांचा जुडगा माझ्या सासूबाईंचा, गोजरबाईंचा. कोठीची, लोकरीच्या खोलीची, दूधदुभत्याच्या फडताळाची, मागच्या दाराची, सगळ्या किल्ल्या त्यात. तो वाजला की मी भाकरी थापता थापता पाठ ताठ करायचे. एकदा भीतीनं पिठाचा गोळाच हातातून सुटून चुलीत गेला होता. आता सासूबाई गेल्या आणि जुडगा माझ्याकडे आला. आता तो वाजला की बोका ताकाच्या डेऱ्यापासून पळतो. घराला थोडा धाक हवाच.

दुपारी लोकर निवडताना पोरीला सरळ विचारलं, "काय दिसतं तुला सपनात?"

"काही न्हाई, आत्याबाई."

"काही न्हाई म्हणून कोणी बोंबलतं का? सांग."

खाली मान घालून सांगितलं बिचारीनं. "मी दळून राह्यलेली असते. जातं फिरतं पन पीठच पडत न्हाई. भाईर आमच्या नानाची गाडी उभी असती, मला न्यायला आलेली. मला उठायचं असतं. मागं एक बाई उभी असती."

"कोण बाई?"

"तोंड दिसत न्हाई. मला वळताच येत न्हाई. तिच्यापाशी किल्ल्या वाजतेत. ती दार लावून घेती. गाडी निघून जाती. मंग मी वरडते."

किल्ल्या! आता सांगायला नको, या गोजरबाईच. मेल्यावरसुद्धा म्हातारीला घर सोडवत नाही. मला छळलं, आता माझ्या सुनेच्या झोपेत येऊन उभी राहते. पोरीला म्हटलं, "घाबरू नको, मी हाये." तिनं "हां" म्हटलं.

वैशाख शुद्ध चतुर्थी

काल अक्षय तृतीया. पितरांची घागर भरली. पुरणपोळी, आमरस, वर सासूबाईंना आवडायचं तसं लाल काठाचं लुगडं ठेवलं. घरधनी म्हणाले, "एवढा खर्चा कशापायी?" मी लक्ष दिलं नाही. हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "आत्याबाई, माझ्या वेळेस किल्ल्या वाजवल्यात तेवढ्या पुरे. पोरीला झोपू द्या." इंद्रायणी शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, किल्ल्यांकडे पाहिलं, आणि पदर तोंडात धरला. तिलाही भरून आलं असणार.

आज पहाटे किंचाळली. म्हातारी लुगड्यानं ऐकणाऱ्यातली नव्हतीच कधी.

मग मला माझी जुनी गोष्ट आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या कळपातला मोठा एडका रोज स्वप्नात अंगावर धावून यायचा. एकदा त्याला अडवायला हात पुढे केला आणि पाहते तर हातावर गोंदणच नाही! तुळशीवृंदावन गोंदलंय माझ्या हातावर, एका बाजूला वाकडं, कारण सुई टोचताना मी हात ओढला होता. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं मेल्यावरही बरोबर येतं, असं आई सांगायची. मग जे मरणानं जात नाही ते झोपेत कुठं जाईल? म्हणजे हा हात माझा नव्हे, हे स्वप्न आहे, एवढं मला त्या क्षणी कळलं. एडक्याच्या पाठीवर बसले आणि नदीपर्यंत जाऊन आले. तेव्हापासून स्वप्नाला मी कधी भ्याले नाही.

हेच पोरीला शिकवायचं. तिच्याही हातावर तुळस आणि विंचू आहे.

वैशाख शुद्ध पंचमी

शिकवायला बसले. दिवसातून जेव्हा आठवेल तेव्हा गोंदण बघायचं आणि मनाशी विचारायचं, मी जागी आहे का झोपेत? गोंदण जागच्या जागी असलं तर जागी. नसलं, किंवा भलतंच काही दिसलं, तर स्वप्न. दिवसा सवय पडली की झोपेतही हात आपोआप वर येतो.

"आन् सपान हाय कळल्यावर काय करायचं?" तिनं विचारलं. आपणहून विचारलेला तिचा हा पहिलाच प्रश्न.

"वाट्टंल ते. मी तर उडते. परवा जाफराबादेवरून गेले. साळूबाई अंगणात धुणं वाळू घालत व्हती, तिच्या धुण्यावर पाय देऊन गेले."

पोरगी हसली. तिचा एक दात तिरपा आहे, हे मला आज दिसलं.

वैशाख शुद्ध अष्टमी

श्वासाचं काही शिकवावं म्हणून आळीतल्या काकासाहेबांना बोलावलं. काकासाहेब जालन्याच्या अदालतीत मोहरीर, म्हणजे कारकून, होते. आता घरी पोथ्या वाचतात आणि ऐकणारं कोणी मिळालं तर सोडत नाहीत. जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुर्या, मग इडा, मग पिंगळा. जमिनीवर काडीनं एवढ्या रेघा ओढल्या की पाटबंधाऱ्याचा नकाशा वाटावा. घरधनी बसल्या जागी घोरायला लागले. इंद्रायणी डोळे मोठे करून बघत होती, तिला वाटलं हे सगळं पाठ करायचंय.

शेवटी मीच म्हटलं, "काकासाहेब, पोरीनं करायचं काय, तेवढं सांगा."

ते जरा हिरमुसले, मग हसले. "वैनी, निजायच्या आधी गप्प बसायचं आन् श्वासाकडं ध्यान द्यायचं. आत आला, भाईर गेला. मन पळालं तर परत आणायचं, शिव्या न देता. आन् सपनात जे कोणी भेटंल त्याला बिलकुल न भिता इचारायचं, काय पायजे तुला? बस."

एवढंच होतं तर सकाळीच का नाही सांगितलं? पण माणूस भला. पोरीला मी आमच्या भाषेत समजावलं. मेंढरू कळपाबाहेर गेलं की आपण हाळी देऊन आणतो, दगड मारून नाही. मनाचंही तसंच.

वैशाख पौर्णिमा

काकासाहेबांनी सांगितलं ते फारच थोडं वाटलं, म्हणून मी त्यात भर घातली. डाव्या कुशीवर निजायचं. रात्री वांगं खायचं नाही. उशाखाली विळा ठेवायचा. अंथरूण पूर्वेला. श्वास घेताना खांदे हलवायचे नाहीत. उन्हाळ्याचे आम्ही दोघी अंगणात निजतो आणि पुरुष मेंढरांपाशी माळावर, त्यामुळे मला तिच्या उशाशी बसून नीट लक्ष ठेवता येतं. खांदा हलला की मी सांगते आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिला झोप लागेपर्यंत मी हलत नाही. एवढं कोणती सासू करते?

वैशाख वद्य प्रतिपदा

किंचाळली. खांदा हलत असणार.

वैशाख वद्य दशमी

मंठ्याहून आज आले. भावाच्या मुलीचं लग्न होतं. आठ दिवस माहेरी राहिले, पाय निघत नव्हता. भावजय पायाला तेल लावत होती, कोणी काही काम सांगत नव्हतं, नुसती लोळत होते. माहेर ते माहेर.

आणि घरी येऊन काय ऐकते! घरधनी म्हणाले, "ह्या आठ दिसात पोरगी एकदा बी वरडली न्हाई." मी आनंदानं देवापुढे साखर ठेवली. जाताना मी सांगून गेले होते की रात्री ताक-कण्याच खा. ताकाचा गुण! शेजारपाजारी सगळ्यांना सांगून आले.

वैशाख वद्य एकादशी

आज पुन्हा किंचाळली. काल तर ताक दोन वाट्या पाजलं होतं. गावभर सांगत सुटले तीच चूक झाली. कोणाची तरी दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

ज्येष्ठ शुद्ध सप्तमी

इंद्रायणीचे वडील, नाना, गाडी जुंपून कुंभार पिंपळगावहून आले. केवढा लांबचा पल्ला. ओसरीवर पागोटं काढून बसले आणि म्हणाले, "इहीणबाई, पोरीची माय लई आठवण काढती. चार दिस धाडा. पेरणीआधी आणून सोडतो."

मी म्हटलं, "आत्ता कसं जमंल? लोकर कातरायची हाये, पेरणी तोंडावर हाये. मंग बघू." भाकरी खाल्ली, बैलांना पाणी दाखवलं. इंद्रायणी दाराआड उभी होती, हाताचं गोंदण दुसऱ्या हातानं घट्ट झाकून. नानांची गाडी निघाली तेव्हा ती मागच्या दाराकडे वळली, पण तिथून शेळी आत शिरत होती म्हणून मी नुकतंच कुलूप घातलं होतं.

मला वाईट वाटलं. नानांचे डोळे बघवले नाहीत. पण त्यांना कसं सांगू की धाडली तर साळूबाईचं साधेल? तिच्या भल्यासाठीच मी वाईट होते आहे. असं म्हणते खरं, पण आज जेवण गेलं नाही.

ज्येष्ठ शुद्ध अष्टमी

किंचाळली. आजवर अशी कधी किंचाळली नव्हती. मल्हारी माळावरून धावत आला. मला म्हणाला, "आई, तू थोडी गप ऱ्हाय ना." मी एक शब्द बोलले नव्हते! आईवर राग काढायची आजकाल पद्धतच आहे.

ज्येष्ठ वद्य नवमी

साळूबाई येऊन गेली. पोरगी पाहून ठेवलीय म्हणे, बदनापूरकडची. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या घरची जल्दी असंल तर तुमच्या पोराची दुसरी करा." तणतणत गेली. पण घरधनी काहीच बोलले नाहीत, हे मला बोचलं.

इंद्रायणी वाळत चाललीय. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. मला भीती वाटते. ही पोरगी गेली तर हे घर मला खायला उठेल. तिला तसं सांगता येत नाही, म्हणून मी तिला पुन्हा वांग्याबद्दल सांगितलं.

आषाढ शुद्ध एकादशी

या चार ओळीच लिहिते. घसा पार बसलाय. ताप आहे. वैद्यानं अक्षर बोलायचं नाही म्हणून बजावलंय. कंबर ठणकते, जुडगा सोसवत नाही, तो दाराजवळच्या खुंटीला टांगलाय. पोरीला खांद्यांचं सांगायचं राहतंय.

आषाढ पौर्णिमा

अजून आवाज नाही. आत खाटेवर पडून सगळं घर ऐकते. इंद्रायणी काढा आणून देते, डोकं चेपते. दुपारी माझ्याजवळ बसून डोळे मिटते आणि श्वास घेते. डावी कूस नाही, पूर्व नाही, काही नाही. खांदे चांगले वर-खाली होतात! मी हातवारे करून दाखवलं. तिनं डोळे उघडलेच नाहीत. तिचा श्वास ऐकता ऐकता मलाच झोप लागली.

आषाढ वद्य द्वितीया

आज ती आडावर गेलीच नाही. उठली ती थेट माझ्या खाटेपाशी आली आणि माझा हात धरला.

"आत्याबाई, गोंदण नव्हतं!"

मी उठून बसले.

"दळून राह्यले व्हते. हात वर गेला. बघते तर तुळस न्हाई, विंचू न्हाई, हात कोरा! मी म्हनलं, आत्याबाई म्हनत्या तेच हे, सपान हाय! आन् मला हसूच आलं. हसता हसता जागी झाले."

मला बोलता येत नव्हतं. तिला जवळ ओढलं आणि दोघी रडलो. आज आळीत कोणी जागं झालं नाही.

आषाढ वद्य पंचमी

आज ती वळली. त्या बाईकडे वळली!

घशातून थोडा आवाज फुटतोय. कुजबुजत विचारलं, "तोंड दिसलं? कोण व्हती?"

इंद्रायणी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हातारी व्हती. तोंडात दात नव्हते."

गोजरबाईंचे दात शेवटपर्यंत धड होते. मरायच्या वर्षी ऊस सोलून खाल्लाय त्यांनी माझ्यासमोर. पण मेल्यावर पडले असतील.

"मंग? इचारलंस?"

"इचारलं. म्हनलं, काय पायजे तुमाला? तर म्हनली, मला भ्या वाटतं."

"तिला? तिला कशाचं भ्या?"

"म्हनली, तू माहेरी जाशील आन् परत येणार न्हाईस, ह्याचं."

हातातला काढा सांडला माझ्या. ती पुसायला वाकली.

"मंग तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, उभ्या कामून? बसा, दोघी दळू. बसली समोर. खुंट्याला हात लावला. आन् आत्याबाई, पीठ पडायला लागलं. पांढरंधोट."

गोजरबाईंनी उभ्या जन्मात माझ्या जात्याला हात लावला नाही. त्यांना कसली भीती होती, तेही मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही म्हणा. विचारायची सोय नव्हती. दुपारभर हेच मनात घोळतंय. आणि साळूबाईचं बोलणं पोरीच्या कानावर घातलं कोणी, तेही समजत नाही.

आषाढ अमावस्या

दिव्याची अवस. दिवे घासून पुजले आणि घरधन्यांना सांगितलं, पंचमीला इंद्रायणी माहेरी जाणार.

ते म्हणाले, "साळू म्हनती तसंच मंग. आनायचं न्हाई."

"आनायचं. मल्हारी जाईल. मल्हारी न्हाई गेला तर मी जाईन, गाडी जुंपून, सगळ्या गावादेखत. पोरगी आता झोपती. ज्याला वरडायचं त्यानं वरडावं."

माझा आवाज अजून फाटका आहे, पण कामापुरता निघाला. घरधनी चिलमीकडे बघत म्हणाले, "बरं." बघू नाही, बरं. बरं म्हणजे खरोखर बरं.

म्हातारीला भीती वाटते म्हणून पोरीला किती दिवस कोंडायचं? कोणाच्या तरी भीतीपायी दुसऱ्याचं माहेर का तुटावं? मी पोरीला बोलावून साळूबाईचं सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला ठावं व्हतं, आत्याबाई. ओसरीवरचं आत ऐकू येतं."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी धाडीना, मला वाटलं तुमी बी त्यांच्यातल्याच."

मी तिला परत यायचं विचारलं. ती म्हणाली, "येईन की. माझं जातं इथं हाये."

जुडगा खुंटीलाच आहे. ताप उतरलाय, कंबरही बरी आहे, पण राहू दे तिथं. ज्याला लागेल तो घेईल. अंग हलकं वाटतं. बोका मात्र सोकावलाय, आज ताकाच्या डेऱ्यात तोंड घातलं तरी मला कळलं नाही.

श्रावण शुद्ध पंचमी

गावातल्या लेकी माहेरी आल्यात. झोक्यांवर नुसता दंगा आहे. आमची तिकडे झोका घेत असेल. मी वारुळाला जाऊन आले. घर एवढं गप्प आहे की मला माझाच राग येतो. झोपताना श्वास बघते. मन सुटतं ते थेट कुंभार पिंपळगावला जातं. शिव्या न देता परत आणायचं असतं. थोड्या देते.

श्रावण वद्य तृतीया

मल्हारी तिला आणायला गेला तो अजून आला नाही. पूर्णेला पूर आहे म्हणतात. साळूबाई खास बघायला आली आणि "आले न्हाईत वाटतं?" असं गोड आवाजात विचारून गेली. तिच्या हातावर साखर ठेवली, दुसरं काही ठेवावंसं वाटत होतं.

खोटं का लिहू, मलाही वाटलं, येणार नाही. मी जर तिच्या जागी असते, तर आले असते का? गोजरबाईंच्या वेळेस मला कोणी विचारलं असतं तर मी मंठ्यालाच राहिले असते.

श्रावण वद्य पंचमी

आली! काल दिवेलागणीला गाडी दारात उभी राहिली. पहिली उडी तिनं मारली, मल्हारी मागून. आईनं दिलेले तिळाचे लाडू, एक कोंबडी, आणि गाल भरलेले. नुसती बडबडत होती. नदीचं पाणी कसं होतं, तीन मुक्काम कुठं पडले, मायनं काय काय खाऊ घातलं. एवढी वर्षभरात बोलली नव्हती. घरधनी आत येऊन म्हणाले, "आता हिला गप कोणी करायचं?" पण हसत होते. मी रात्री श्वास बघायला बसले आणि कधी झोपले ते कळलंच नाही.

आज पहाटे जात्याची घरघर कानावर आली. ओवी म्हणत होती, हळू आवाजात. मी उठले. ठरवलं काही नव्हतं. पाय आपोआप तिकडे गेले. कमरेला काही वाजत नव्हतं, त्यामुळे तिला कळलं नाही. मी जाऊन तिच्यासमोर बसले आणि खुंट्याला हात लावला.

जातं एकदम हलकं झालं. ओवी मध्येच थांबली. इंद्रायणीनं वर पाहिलं. मग तिनं खुंट्यावरचा हात काढला, दिव्याच्या उजेडात धरला आणि नीट निरखून बघितला.

"काय बघतीस गं?"

"गोंदण."

"मंग? हाये का?"

"हाये, आत्याबाई." तिचा तिरपा दात दिसला. "दोनी हाये. तुळस बी, विंचू बी."

खात्री असलेली बरी म्हणून मी माझंही बघून घेतलं. वाकडं होतं, पण होतं. मग तिनं ओवी पुढे धरली आणि उजाडेपर्यंत आम्ही दोघींनी पायलीभर जवारी दळून काढली.